बनावट गिटार आणि पुराव्याचा प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारचा आणि प्रशासनाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु शिलाँग, ऐजॉल, दिमापूर, कोलकाता किंवा बंगळुरू या शहरांत ज्यांनी चार-दोन वर्षे काढली आहेत, त्यांना हे वाद्य परके वाटणार नाही. शिलाँगमध्ये लू माजाव हे गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करीत आले आहेत. मिझोराम-नागालँडमधील अनेक मुलांची गिटारशी पहिली ओळख चर्चच्या वाद्यवृंदात होते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी घरांतही आता पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार उभी दिसते. अशा घरातील सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा वर्षभर पैसे साठवून, संगणकाच्या पडद्यावरील छायाचित्र पाहून, नामवंत कंपनीची गिटार मागवतो. ती हाती येते आणि बनावट निघते. आता या प्रकरणात सीमाशुल्क विभाग, पोलीस, व्यापारचिन्ह निबंधक आणि ग्राहक आयोग अशी शासनाची चार अंगे गुंतलेली असतात. चौघांनाही कायद्याने अधिकार दिलेले आहेत, आणि तरीही तक्रारदाराला बहुधा एका दारातून दुसऱ्या दारात पाठवले जाते. हे असे का होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नकला सर्वाधिक होतात त्या गिब्सन आणि फेंडर या दोन अमेरिकी कंपन्यांच्या वाद्यांच्या. गिब्सनची 'लेस पॉल' १९५२ साली बाजारात आली आणि फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' १९५४ साली. सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही दोन्हींचे आकार जवळपास तेच आहेत, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला नवा साचा शोधावा लागत नाही. नव्या 'लेस पॉल स्टँडर्ड'ची किंमत अमेरिकेतच अडीच हजार डॉलरच्या वर आहे. भारतात ती तीस हजार रुपयांत 'नवी कोरी' म्हणून मिळत असेल, तर पुढील कोणतीही परीक्षा करण्यापूर्वीच निकाल लागला असे समजावे.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. एपिफोन ही गिब्सनच्याच मालकीची आणि स्क्वायर ही फेंडरच्याच मालकीची नाममुद्रा आहे. त्यांची स्वस्त वाद्ये चीन, इंडोनेशिया येथे अधिकृतपणे तयार होतात. म्हणजे 'चीनमध्ये बनलेली' आणि 'बनावट' हे समानार्थी शब्द नव्हेत. तसेच जुन्या आकारासारखी गिटार बनवून तिच्यावर स्वतःचे नाव घालणारा कारागीर आणि दुसऱ्याचे नाव चोरणारा विक्रेता यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आपल्याकडे कोलकात्यासारख्या शहरात कित्येक वर्षे स्वतःच्या नावाने गिटारी तयार होत आहेत, आणि हजारो मुलांनी पहिले सूर त्यांच्यावरच छेडले आहेत. मात्र 'गिब्सन' हे नाव असलेली इलेक्ट्रिक गिटार आज अमेरिकेतच, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे, तयार होते. त्यामुळे हे नाव घेऊन 'थेट चीनच्या कारखान्यातून' येणारी गिटार खरी असूच शकत नाही. फेंडरची वाद्ये कॅलिफोर्नियातील कोरोना आणि मेक्सिकोतील एन्सेनादा या दोन्ही ठिकाणी बनतात, म्हणून तेथे देशाच्या नावावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

आता ओळखीच्या खुणा. सतारीशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला त्या समजायला अवघड जाऊ नयेत, कारण दांडी, खुंट्या, पडदे आणि घोडी येथेही आहेतच. लेस पॉलच्या दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या मध्यभागी, घंटेच्या आकाराचे एक लहान झाकण असते. त्याखाली दांडीचा बाक नियंत्रित करणारी लोखंडी सळई दडलेली असते. गिब्सनच्या या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलांमध्ये पुष्कळदा तीन आढळतात. दुसरी खूण दांडीच्या पाठीमागे असते. खऱ्या लेस पॉलची दांडी टोकापर्यंत सलग लाकडाची असते, टोक रुंद करण्यासाठी दोन्ही बाजूंना लहान पट्ट्या जोडलेल्या असतात. नक्कल करणारा लाकूड वाचवण्यासाठी टोकाचा भाग वेगळा कापून तिरक्या सांध्याने चिकटवतो, आणि रंगाखालूनही त्या सांध्याची रेघ बहुधा दिसते. तिसरी खूण घोडीची. खऱ्या घोडीची उंची कमी-अधिक करण्यासाठी लहान दातेरी चकत्या असतात, तर नकलांमध्ये सहसा रुंद डोक्याचे, खाच पाडलेले जाड स्क्रू बसवलेले असतात.

चौथी परीक्षा घरातील मोजपट्टीने करता येते. तार जेथून सुरू होते त्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर तारेच्या एकूण कंपनलांबीच्या निम्मे असते. स्ट्रॅटोकास्टरमध्ये ते सुमारे ३२.४ सेंटिमीटर भरते, लेस पॉलमध्ये ३१ सेंटिमीटरपेक्षा थोडेसेच अधिक. लेस पॉल म्हणून विकलेल्या वाद्यात हे अंतर ३२.४ भरले, तर पुढे काही पाहण्याची गरज उरत नाही. पाचवी परीक्षा लाकडाची. या दोन्ही कंपन्या पडद्यांखालील पट्टीसाठी भारतीय शिसव मोठ्या प्रमाणावर वापरतात, ज्या जातीचे वृक्ष आपल्या पश्चिम घाटात वाढतात तीच ही जात. नकलांमध्ये बऱ्याचदा फिकट लाकडावर काळा रंग फासलेला असतो, आणि ओलसर पांढऱ्या फडक्याने पुसल्यास तो फडक्यावर उतरतो. शेवटची परीक्षा मागचे झाकण उघडून करायची. आत नाण्याएवढी लहान, हलक्या प्रतीची नियंत्रक बटणे, केसासारख्या तारा आणि ओबडधोबड डाग दिसले, तर वरचा रंग कितीही झळाळता असला तरी फसू नये.

अनुक्रमांकाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे, कारण सामान्य ग्राहक सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावरच ठेवतो. गिब्सनने १९७७ साली आठ अंकी पद्धत सुरू केली. तीत पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, आणि दुसरा ते चौथा अंक मिळून वर्षातील दिवस दाखवतात. उदाहरणार्थ, ९०३२७५०१ या क्रमांकाचा अर्थ १९९७ सालचा बत्तिसावा दिवस, म्हणजे १ फेब्रुवारी. २००५ साली त्यात आणखी एक अंक वाढला आणि पुढेही पद्धत बदलत गेली. आठ अंकी क्रमांकात दिवस ३६६ च्या पुढे गेला असेल, तर तो कोणीतरी मनाने रचलेला आहे हे उघड आहे. परंतु उलट बाजूने हा तर्क चालत नाही. नक्कल करणारे एका खऱ्या वाद्याचा क्रमांक उचलून शेकडो नकलांवर छापतात. त्यामुळे चुकीचा क्रमांक बनावटपणा सिद्ध करतो, पण बरोबर क्रमांकाने खरेपणा सिद्ध होत नाही.

ही सर्व माहिती आज कोणताही जिज्ञासू तरुण आठवडाभरात मिळवू शकतो आणि मिळवतोही. माझ्या मते खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

ईशान्येतील एका जिल्ह्यात काम करीत असताना असे एक प्रकरण माझ्याकडे आले होते. चर्चच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या एका तरुणाने शिकवण्या घेऊन साठवलेले चाळीस हजार रुपये देऊन एका संकेतस्थळावरून गिटार मागवली होती. 'दुकानात मांडलेला नमुना असल्याने स्वस्त' असे विक्रेत्याने लिहिले होते. दहाव्या दिवशी गावातील दुरुस्ती कारागिराने मागचे झाकण उघडले आणि नकारार्थी मान हलवली. संकेतस्थळाने उत्तर दिले की परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. पोलीस ठाण्यात विचारणा झाली की वाद्य बनावट असल्याचे प्रमाणपत्र कोठे आहे. तो तरुण मला म्हणाला, "सर, ही खोटी आहे हे मला माहीत आहे. पण हे कोणी लिहून दिले म्हणजे ते खरे धरले जाईल?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधले तर काय दिसते? व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ नुसार खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. तरतूद पुरेशी कडक आहे. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्तही करू शकतो. परंतु त्यापूर्वी त्याने व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घेतले पाहिजे आणि ते मत त्याच्यावर बंधनकारक आहे. ही अट निरपराध व्यापाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून घातलेली असून तिचा हेतू योग्यच आहे. पण देशभरात या नोंदणी कार्यालयाच्या शाखा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद या पाचच शहरांत आहेत. ईशान्येतील पोलीस अधिकाऱ्याने एका गिटारसाठी कोलकात्याला पत्र लिहावे, उत्तराची वाट पाहावी आणि मग झडती घ्यावी, तोवर विक्रेता नाव बदलून दुसरे दुकान थाटून बसलेला असतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अधिक उदार आहे. खरा असल्याचा खोटा दावा करून विकलेला माल म्हणजे 'बनावट माल', अशी व्याख्याच त्यात आहे. मात्र वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोगाने नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, असेही तो सांगतो. तूप, सिमेंट, विद्युत उपकरणे यांच्यासाठी प्रयोगशाळा आहेत. गिटार खरी की खोटी हे सांगणारी प्रयोगशाळा कोठे शोधायची?

सीमेवरची स्थिती तर अधिक बोलकी आहे. आयात मालातील बौद्धिक संपदा हक्कांच्या अंमलबजावणीसाठी २००७ साली नियम झाले. त्यानुसार कंपनीने आपले चिन्ह सीमाशुल्क विभागाकडे नोंदवल्यास संशयित माल बंदरातच अडवता येतो. पण प्रवाशाच्या सामानातील अव्यापारी वस्तू आणि व्यक्तिगत वापरासाठीच्या लहान खेपा यांना या नियमांतून वगळलेले आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातही अशी मुभा आहे. त्या काळी ती व्यवहार्य होती, कारण नकली माल कंटेनर भरून येत असे. आजही तसा येतो. २०२४ साली अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरात आशियातून आलेल्या तीन हजारांहून अधिक बनावट गिब्सन गिटारी पकडल्या. त्या खऱ्या असत्या तर त्यांची किंमत एक कोटी ऐंशी लाख डॉलरांच्या वर गेली असती. पण तीन हजार गिटारी तीन हजार स्वतंत्र खोक्यांतून, तीन हजार पत्त्यांवर आल्या तर? प्रत्येक खोके 'व्यक्तिगत वापराची लहान खेप' ठरते.

यात एक विसंगती आहे आणि ती मला फार अस्वस्थ करते. ज्या शिसवाचा उल्लेख वर आला, त्याच्या प्रवासावर जगभर कागदपत्रांचा कडक पहारा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी गिब्सनच्याच टेनेसीतील कारखान्यांवर छापे घातले, ते भारतातून आलेल्या शिसव आणि आबनूसाच्या पट्ट्यांवरून. मादागास्करच्या आबनूसासह सर्व प्रकरण २०१२ साली तीन लाख डॉलर दंडावर मिटले. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची संपूर्ण प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आली आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला नोव्हेंबर २०१९ उजाडला. म्हणजे लाकडाची पट्टी देशाबाहेर पडताना तिची जात आणि जाडी विचारली जाते, पण त्या लाकडाचे सोंग घेतलेली अख्खी गिटार देशात शिरताना तिचे कुळ कोणी विचारत नाही. शासनाला एखाद्या वस्तूचा माग काढता येत नाही, असे नाही. कशाचा माग काढायचा, हे शासन ठरवत असते.

आणि ठरवले की दारे बंद होतातही. परदेशी संकेतस्थळांवरील माल 'भेटवस्तू' म्हणून करमुक्त आणण्याची पळवाट डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने एका अधिसूचनेने बंद केली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्यांचा ठेवला.

'स्वस्तात वाजते तर नाव खोटे असले म्हणून काय बिघडले?' असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, तोही सुशिक्षितांकडून. पहिला ग्राहक कदाचित जाणूनबुजून घेत असेल. पण दोन वर्षांनी तो तीच गिटार जुनी म्हणून विकतो, तिसरा ती खरी समजून विकत घेतो, आणि फसवणुकीचा सर्व भार सर्वांत अजाण माणसावर येऊन पडतो. शिवाय वीस हजारांत स्वतःच्या नावाने प्रामाणिक वाद्य विकणारा कारागीर या स्पर्धेत टिकत नाही.

या पार्श्वभूमीवर माझ्या सूचना चार आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

पहिली, ई-व्यापारासंबंधीच्या २०२० च्या नियमांनुसार आयात मालाच्या आयातदाराचे नाव आणि विक्रेत्याचा पत्ता दाखवणे अपेक्षित आहेच. ठरावीक किमतीवरील नामांकित वाद्यांसाठी त्यासोबत अनुक्रमांकाचे आणि दांडीच्या पाठीमागच्या भागाचे छायाचित्र सक्तीचे करावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढाव्यात.

दुसरी, त्याच नियमांप्रमाणे बनावट माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. सात दिवसांची मुदत ही माल पसंत न पडल्यास वापरायची आहे, बनावटपणाच्या तक्रारीला ती लागू होत नाही, असे संकेतस्थळांना स्पष्ट शब्दांत बजावावे.

तिसरी, निबंधकाचे मत ठरावीक नमुन्यात, छायाचित्रांवरून, ई-पत्राने आणि निश्चित मुदतीत मिळावे. प्रयोगशाळा नाही तेथे कंपनीचे लेखी उत्तर आणि अनुभवी कारागिराचे प्रतिज्ञापत्र यांना आयोगांनी तज्ज्ञाच्या मताप्रमाणे वजन द्यावे.

चौथी, 'लहान खेप' ठरवताना सीमाशुल्क विभागाने एकट्या खोक्याकडे न पाहता पाठवणाऱ्याकडे पाहावे. एकच प्रेषक महिन्यात शंभर पत्त्यांवर गिटारी पाठवत असेल, तर तो व्यक्तिगत वापर राहत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत वाचकांनी काय करावे? खरेदीपूर्वी विक्रीच्या पानाची प्रत जपून ठेवावी, कारण तक्रार होताच ते पान नाहीसे होते. खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे. वर सांगितलेल्या प्रत्येक खुणेचे छायाचित्र मोजपट्टी ठेवून घ्यावे. मूळ कंपनीला अनुक्रमांक कळवून लेखी उत्तर मागवावे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण देणे बंधनकारक आहे, म्हणून तक्रार दूरध्वनीवर न करता लेखी करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. विक्रेता सुरतचा असो वा दिल्लीचा, गुवाहाटीत राहणाऱ्याने तेथे जाण्याची आवश्यकता नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. मात्र एखाद्या खाजगी व्यक्तीकडून जुनी गिटार घेत असाल तर ई-व्यापाराचे नियम तुमच्या मदतीला येत नाहीत, कारण नियमित व्यवसाय न करणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. अशा वेळी वाद्य हातात घेऊन, झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वर उल्लेखिलेल्या तरुणाने अशीच कागदपत्रे एकेक करून जमवली. कंपनीचे उत्तर आले की त्या क्रमांकाचे वाद्य वेगळ्याच मॉडेलचे आहे. आयोगाची नोटीस गेल्यावर पैसे परत मिळाले, पण त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ज्ञानाची उणीव कोठेच नव्हती. गावातल्या कारागिराने दहा मिनिटांत जे सांगितले होते, त्याची फाइल व्हायला आठ महिने लागले.

२०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. उद्या कोणी भलतीकडे बनवलेला तंबोरा 'मिरजेचा' म्हणून संकेतस्थळावर विकू लागला, तर मिरजेच्या कारागिराला आणि तो तंबोरा घेणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्याला याच चार दारांवर उभे राहावे लागणार आहे. तेव्हा आज गिटारच्या निमित्ताने ही दारे नीट उघडतील अशी व्यवस्था करणे, हे प्रशासनाचे काम आहे.